पाटावरचा समुद्र: बोटीच्या मॉडेलखाली खरं वाटणारं पाणी कसं करायचं

माझ्या पहिल्या बोटीला चार महिने लागले. तिच्याखालचा समुद्र मी एका रविवारी संध्याकाळी उरकला आणि तो दिसतही होता उरकल्यासारखाच. खाली निळा ऑइलपेंट, वर पांढऱ्या गोंदाचा जाड थर, कडेला कापूस. भाचा आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "मामा, ही जेलीत का अडकलीय?" पुढे श्रावण लागला, गोंदाने दमट हवा पिऊन घेतली, सगळं दुधासारखं पांढरं झालं आणि जेलीतली बोट रबडीत गेली.

त्यानंतर सहा समुद्र केले. त्यातले दोन फेकले, एक अजून माळ्यावर आहे. मी रत्नागिरीत राहतो, मिरकरवाड्याची जेटी घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. तरी पहिल्या दोन खेपेला मला समुद्र जाऊन बघावासा वाटला नाही. लहानपणापासून बघतोय, त्यात काय बघायचं, असं वाटत होतं. सगळ्या चुकांची सुरुवात तिथे होती.

तुमची बोट तयार आहे आणि आता तिला पाण्यावर बसवायचीय, असं धरून लिहितोय. बोट किटची असो, घरी लाकडातून केलेली असो, कृती तीच. उदाहरणासाठी १:७२ स्केलची मासेमारी ट्रॉलर घेतो. खरी बोट १५ मीटरची असेल तर मॉडेल साधारण २१ सेंटीमीटरचं होतं.

काय काय लागेल

- तळासाठी १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय. त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो बघून घ्या. एमडीएफ घेऊ नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात कडा फुगतात.
- लाटांसाठी दाट एक्सपीएस फोमचा (थर्माकोलचाच घट्ट, बिनदाण्याचा भाऊ) तुकडा. नाही मिळाला तर पॅकिंगचा थर्माकोल चालतो, फक्त दाणे बारीक असलेला निवडा.
- टिश्यू पेपर आणि लाकूडकामाचा पांढरा गोंद.
- ॲक्रिलिक रंग: थॅलो ब्ल्यू, थॅलो ग्रीन, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, काळा, टायटॅनियम व्हाइट.
- जाड ग्लॉस जेल मीडियम आणि पातळ ग्लॉस वार्निश, दोन्ही ॲक्रिलिकचं.
- इपॉक्सी रेझिन (सोबतचा हार्डनर मिसळला की घट्ट होणारा पारदर्शक द्रव), पण फक्त शांत पाणी करायचं असेल तर. त्याच्यासोबत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि नायट्राइलचे हातमोजे.
- एक चपटा ब्रश, एक झिजून गेलेला ब्रश, भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा, टूथपिक, क्लिंग फिल्म, कंपासपेटीतला कोनमापक.

जेल मीडियम सोडलं तर बाकी सगळं हार्डवेअर आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. जेल मी ऑनलाइन मागवतो.

१. आधी समुद्र बघून या, आणि तोही वरून

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर. टेबलावरचं मॉडेल आपण साधारण ४० सेंटीमीटर वरून बघतो. १:७२ ला ते ४० सेंटीमीटर म्हणजे खरे २९ मीटर झाले. १:३५० ला १४० मीटर, १:७०० ला २८० मीटर. म्हणजे आपण पुळणीवर उभे राहून बोट बघत नसतो, कड्यावरून नाहीतर विमानातून बघत असतो. पुळणीवरून दिसणारी लाट छातीवर येते, मागचं पाणी झाकते. तीच डोक्यात ठेवून मॉडेल केलं की लाटा डोंगराएवढ्या होतात.

मी रत्नदुर्गावर दीपगृहाच्या बाजूला जाऊन बसतो. तुम्ही देवगडचा किल्ला घ्या, विजयदुर्गाचा तट घ्या, जयगड घ्या. कोकणात उंच जागेला तोटा नाही. सकाळी किंवा चारनंतर जा. ऊन तिरकं असलं की पाण्याच्या सुरकुत्या दिसतात, भर दुपारी सगळा पत्रा होतो. एखादी बोट जाताना दिसली तर फोनवर व्हिडिओ घ्या आणि ती गेल्यावरही फोन खाली ठेवू नका. तिच्या मागचा माग किती वेळ टिकतो आणि कुठे विरतो, ते नंतर कळतं.

वरून बघितलं की तीन गोष्टी ध्यानात येतात. लाटांची उंची जवळजवळ दिसतच नाही, दिसतो तो त्यांचा पोत. फेस ठिपक्यांनी येतो आणि मग वाऱ्याच्या दिशेने रेघांत ओढला जातो. आणि पाणी निळं नसतं.

रत्नागिरीकरांना हे वेगळं सांगायला नको. रत्नदुर्गाच्या एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडचा पांढरा समुद्र. गाव एकच आणि पाणीही एकाच अरबी समुद्राचं. नावं पडली वाळूवरून. काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं काळं खनिज असतं, म्हणून ती गडद. उथळ पाण्याला तळाचा रंग लागतो. तेव्हा तुमची बोट किनाऱ्याजवळ असेल तर पाण्याचा रंग ठरवण्याआधी तिच्याखाली काय आहे ते ठरवा: वाळू, खडप की चिखल.

२. गोष्ट ठरवा

ब्रश हातात घेण्याआधी कागदावर चार उत्तरं लिहा. महिना कुठला? वारा कुठून? बोट किती वेगात? भरलेली की रिकामी?

पहिल्याच उत्तरात फसगत होते. जुलैतलं गढूळ, उसळतं पाणी करायला मजा येते, पण त्यावर मासेमारी ट्रॉलर ठेवली की जाणकार हसतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात. ट्रॉलर हवी असेल तर ऑक्टोबरनंतरचं पाणी करा.

वाऱ्याचंही तसंच. शिडाचं गलबत किंवा मचवा करत असाल तर पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्रात वाहतो आणि बोट त्यावर बाहेर पडते. हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारी वारा वायव्येकडून येतो. शीड एका बाजूला फुगलंय, निशाण दुसरीकडे फडकतंय आणि लाटा तिसरीकडे चालल्यात, असं मॉडेल मी स्वतः केलेलं आहे.

शेवटची दोन उत्तरं मला एका तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान) शिकवली. माझी ट्रॉलर पूर्ण झाली तेव्हा मोठ्या हौसेने त्यांना घरी बोलावलं. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"कुठून येतेय ही?"

"मासे घेऊन बंदरात शिरतेय, काका."

"मग रिकामीच येतेय. भरलेल्या बोटीचा तांबडा पट्टा एवढा वर दिसतो होय? आणि बंदराच्या तोंडाशी कोण एवढी मारतो? मागे फेस बघ केवढा केलायस. धक्क्याला आपटेल ना ती."

चहा पिऊन ते गेले. मी बोट उपटली, ४ मिलिमीटर खाली बसवली, म्हणजे खऱ्या बोटीच्या हिशेबाने फूटभर, आणि मागचा अर्धा फेस खरवडून काढला. एका संध्याकाळचं काम, पण बोटीला वजन आलं.

३. थोडं गणित, टाळू नका

एक मीटर उंचीची लाट १:७२ ला १४ मिलिमीटर होते, १:३५० ला जेमतेम ३ मिलिमीटर आणि १:७०० ला दीड मिलिमीटरसुद्धा नाही. अर्ध्या मीटरच्या लाटेवर बोटी रोज ये-जा करतात, ती १:७२ ला ७ मिलिमीटर. नवख्या माणसाच्या लाटा याच्या तिप्पट-चौपट असतात, आणि मग बोट खेळण्यातली वाटते.

लाटेची लांबी, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर, उंचीच्या सातपटीपेक्षा कमी झालं की लाट फुटते. ही निसर्गाची शेवटची मर्यादा झाली. साध्या लाटांचं अंतर उंचीच्या वीसपट धरायला हरकत नाही. १४ मिलिमीटरच्या लाटेला २८ सेंटीमीटर. म्हणजे २१ सेंटीमीटरच्या बोटीखाली एक पूर्ण लाटसुद्धा मावत नाही! माझ्या पहिल्या समुद्रात तेवढ्या जागेत सहा होत्या.

बोट स्वतःच्या चालण्याने जी लाट उठवते तिचं गणित वेगळं आणि फार सुंदर आहे. वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत घ्या, त्याचा वर्ग करा, ०.१७ ने गुणा. लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७ नॉटला ८.३ मीटर, म्हणजे १:७२ ला साडेअकरा सेंटीमीटर. याचा अर्थ नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी एक माथा, बोटीच्या साधारण मध्यावर दुसरा आणि मागच्या टोकाशी तिसरा, मधे हलके खळगे. युद्धनौका २० नॉटने जात असेल तर लांबी ६८ मीटर, १:३५० ला १९ सेंटीमीटरच्या वर. हे माथे योग्य जागी आले की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण बोट चालतेय असं वाटतं.

४. तळ आणि बोटीची जागा

प्लाय बोटीच्या दीडपट ते दुप्पट लांबीचा कापा. बोट कडांना समांतर ठेवू नका, थोडी तिरकी ठेवा. प्लायच्या सहाही बाजूंना, खालच्या बाजूलासुद्धा, वार्निशचे दोन हात द्या. फक्त वरून दिलं तर फळी एका अंगाने ओल धरते आणि वाकते.

फोम प्लायवर पांढऱ्या गोंदाने चिकटवा. इथे रबराचा गोंद वापरू नका, तो थर्माकोल खातो. स्प्रेपेंट खातो, नेलपॉलिशचं रिमूव्हर खातं, पॉलिएस्टर रेझिन तर डोळ्यांदेखत खातं. एकदा माझ्या लाटांवर मी डब्यातला निळा स्प्रे मारला होता आणि मिनिटभरात त्यांची चाळणी झाली.

आता बोटीचा आकार फोमवर उतरवून ती पाणरेषेपर्यंत, म्हणजे पाणी तिच्या अंगाला जिथे टेकतं तिथपर्यंत बसेल असा खड्डा कोरा. १९७१ मध्ये जपानी कंपन्यांनी १:७०० ची वॉटरलाइन मालिका काढली. तसल्या किटची बोट पाणरेषेपाशीच सपाट असते, तिला खड्डा लागत नाही. बाकीच्यांनी कोरताना बोट पुन्हा पुन्हा ठेवून बघा. बोट कायमची चिकटवायची सगळ्यात शेवटी. तोपर्यंत तिला खाली क्लिंग फिल्म गुंडाळा, म्हणजे तिच्याभोवती पाणी घडवता येतं आणि ती उचलताही येते.

५. लाटा घडवणे

लाट म्हणजे वर-खाली सारखी नागमोडी वळणं नव्हेत. माथा अरुंद आणि जरा टोकदार असतो, खळगा रुंद आणि पसरट. एवढं एक पाळलं तरी अर्धं काम झालं.

फोमवर पेन्सिलीने आधी मोठ्या लाटांचे माथे आखा. रेघा वाऱ्याला आडव्या आणि तुटक असू द्या. कुठलाही माथा फळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाऊ देऊ नका, नाहीतर शेताचे वाफे दिसतात. मग कटरने खळगे उतरवा आणि जाड सॅंडपेपरने गोल करा. वाऱ्याकडची उतरण लांब, पलीकडची थोडी उभी.

त्यावर टिश्यू. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुंदर टप्पा. टिश्यूचे पदर सुटे करा, एकच पदर घ्या. गोंदात निम्मं पाणी घालून फोमवर लावा, टिश्यू अंथरा आणि ओल्या ब्रशने थोपटा. ओढू नका, फाटतो. ओला टिश्यू आपोआप बारीक सुरकुत्या धरतो. त्या ब्रशच्या टोकाने एका दिशेला ढकलत गेलं की पाण्यावरची शिरशिरी तयार होते. मोठ्या लाटेच्या अंगावर छोट्या लाटा, त्यांच्यावर ही शिरशिरी, असे तीन थर एकात एक बसायला हवेत. डोळ्याला समुद्र पटतो तो या तिसऱ्या थरामुळे.

दुसऱ्या दिवशी हात फिरवून बघा. हवेचे फुगे राहिले असतील तर ब्लेडने चीर देऊन गोंद भरा. सुकल्यावर टिश्यूचे केसाळ धागे उभे राहिले असतील तर ते बारीक सॅंडपेपरने घालवा. रंगाखाली ते फारच वाईट दिसतात.

१:७०० वाल्यांनी एवढा खटाटोप करू नये. खरखरीत, जाड जलरंगाचा कागद फळीला चिकटवा, त्या स्केलला त्याचा पोतच समुद्र आहे.

६. रंग

दुकानातला निळा सरळ फासायचा मोह आवरा. पाणी लाल प्रकाश शोषतं म्हणून खोल समुद्र निळा. किनाऱ्याकडे येताना त्यात शेवाळसदृश सूक्ष्म वनस्पती हिरवेपणा आणतात आणि नद्यांचा गाळ तपकिरी झाक देतो. आपल्या किनाऱ्यावर हे तिन्ही एकत्र असतात, प्रमाण महिन्यागणिक बदलतं.

माझी मिश्रणं सांगतो. किनाऱ्यापासून थोडं आत, डिसेंबर-जानेवारी: थॅलो ग्रीन दोन भाग, थॅलो ब्ल्यू एक, बर्न्ट अंबर एक. खोल पाणी: थॅलो ब्ल्यू तीन, ग्रीन एक, चिमूटभर काळा. खाडी: अंबर दोन, ग्रीन एक, यलो ऑकर एक. पावसाळ्यातलं पाणी: ऑकर तीन, अंबर एक, ग्रीन अर्धा, थोडा पांढरा. थॅलोचे रंग फार जबर असतात, थेंबाथेंबाने घ्या. आणि बाटलीत दिसतो त्यापेक्षा एक छटा फिकट करा, लहान मॉडेलवर गडद रंग आणखी गडद वाटतो.

आधी सगळ्यात गडद रंग सगळीकडे, खळग्यांत नीट जाईल असा. मग त्यात थोडा हिरवा आणि पांढरा मिसळून लाटांच्या अंगावर. मग आणखी फिकट, हिरवट, फक्त माथ्याच्या खाली. उभी लाट पातळ असते, तिच्यातून उजेड आरपार येतो, म्हणून माथ्याखालचा पट्टा आतून उजळल्यासारखा दिसतो. रंग ओले असतानाच एकमेकांत मिसळा. ॲक्रिलिक भराभर सुकतं, पण पावसाळ्यात पंखा बंद ठेवला तर भरपूर वेळ मिळतो. दमट हवेचा एवढा एकच फायदा मला अजून सापडलाय.

खाडीच्या तोंडाचं दृश्य असेल, समजा विजयदुर्गापाशी वाघोटनच्या खाडीतून गुराब (मराठा आरमाराची शिडाची लढाऊ बोट) बाहेर पडतेय, तर खाडीचं गढूळ पाणी आणि बाहेरचं हिरवं पाणी यांच्यात स्पष्ट सीमा दाखवता येते. ओहोटीला ही रेघ वरून दिसते, तिच्यावर फेस आणि कचरा जमलेला असतो. मॉडेलमध्ये ती फार शोभते.

आकाशाचं प्रतिबिंब मात्र रंगवू नका. पांढरट-निळ्या चमका काढत बसलेले लोक मी बघितलेत. पुढच्या टप्प्यात पाणी चकचकीत झालं की तुमच्या खोलीतली खिडकी ते काम फुकट करते.

७. चकाकी: जेल की रेझिन?

माझं मत आधीच सांगतो. मोकळ्या समुद्राला जेल, धक्क्यापाशी किंवा खाडीत उभ्या बोटीला रेझिन. रेझिन ओतलं की ते आपली पातळी शोधतं, सपाट होतं. त्यात लाटा करता येत नाहीत. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून सगळे रेझिनकडे धावतात. मीही धावलो.

जेल चपट्या ब्रशने थोपटत लावा, एका वेळी फार तर दोन मिलिमीटर. लावताना ते दह्यासारखं पांढरं दिसतं, घाबरू नका, सुकल्यावर पारदर्शक होतं. जाड लावलं तर वरून सुकतं आणि आतला पांढरेपणा महिनोन्‌महिने अडकून राहतो. डिसेंबरात एक दिवस पुरतो, ऑगस्टमध्ये तीन धरा. ब्रशचे फटके वाऱ्याला आडवे, छोटे, अनियमित. जेल पूर्ण निवळल्यावर पातळ ग्लॉस वार्निशचे दोन हात. पांढऱ्या गोंदाचा वरचा थर देऊ नका, रबडीची आठवण ठेवा.

रेझिन करायचंच असेल तर पुढचं नीट वाचा. मी जुलैत केलं होतं. आठवडा झाला तरी वरचा थर बोटाला चिकट-तेलकट लागत होता. दमट हवेत इपॉक्सीतला हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून असा मेणचट पापुद्रा धरतो. तो कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुऊन निघतो. मग हलका सॅंडपेपर मारून वर पुन्हा पातळ थर द्यायचा. मला हे माहीत नव्हतं. लवकर सुकावं म्हणून पुढच्या थरात हार्डनर जास्त घातला. तो थर आजही नखाने दबतो. प्रमाण खोक्यावर लिहिलंय तेच, आणि ते वजनाचं आहे की मापाचं हे आधी बघा.

तीन मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडून घ्या. मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा, कारण पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन राहतंच. जाड थर एकदम ओतू नका. रेझिन घट्ट होताना तापतं. मी इंचभर ओतलं तेव्हा कप हातात धरवेना, ओतलेला थर तडकला आणि खालचा थर्माकोल खचला. पाच मिलिमीटरचे थर पुरे, आणि मधे वेळ द्या. ओतण्याआधी फळीच्या कडेने ॲक्रिलिकच्या पट्ट्यांचा बांध घाला, आतून पारदर्शक टेप लावा, कोपऱ्यांत सिलिकॉन भरा. गळती कुठून होईल ते कळायला आधी पाणी ओतून बघू नका. आत ओल राहते, मग ती रेझिनमध्ये ढगासारखी उतरते.

आणखी एक खोड: रेझिन बोटीच्या अंगावर दोन-तीन मिलिमीटर चढतं आणि सुकल्यावर बोटीभोवती बशीसारखी कड दिसते. तिच्यावर जेलचे छोटे फटके मारून ती मोडा.

हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. इपॉक्सीची त्वचेला एकदा ॲलर्जी बसली की सहसा जात नाही. उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका, कपातच घट्ट होऊ द्या आणि मग टाका.

८. फेस आणि बोटीचा माग

कापूस नको. कापूस कितीही विंचरला तरी कापूसच दिसतो.

आधी वारा आठवा. ७ नॉटपेक्षा कमी वाऱ्यात माथ्यांवर पांढरं येतच नाही. ७ ते १० नॉटला तुरळक, ११ ते १६ ला बऱ्यापैकी. शांत सकाळ ठरवली असेल तर माथे कोरे सोडा, फेस फक्त बोटीभोवती.

बोटीचा माग कोनमापकाने आखा. नाळेपासून मागे दोन हात फाकतात, प्रत्येक बोटीच्या रेषेपासून साडेएकोणीस अंशांवर. खोल पाण्यात होडी असो की युद्धनौका, नेहमीच्या वेगांत हा कोन तोच राहतो. लॉर्ड केल्विनने एकोणिसाव्या शतकात तो गणिताने काढला. पण हे हात अखंड रेघ नसतात. पिसाच्या तंतूंसारख्या छोट्या तिरक्या लाटा एकीमागे एक, पायरीपायरीने लागतात. अखंड रेघ काढली की नांगराची तास दिसते.

नाळेपाशी उसळणाऱ्या पाण्यासाठी एक युक्ती. प्लॅस्टिकच्या कागदावर जेलचा जाडसर पट्टा लावा, सुकू द्या, सोलून काढा. त्याचे पाकळीसारखे तुकडे कापून नाळेच्या दोन्ही अंगांना चिकटवा, टोक बाहेर वळलेलं. टोकांना जेल आणि पांढऱ्याचं मिश्रण टूथपिकने. कमी वेगाला एक पाकळी पुरे.

मागे पंख्याने घुसळलेलं पाणी आधी फिकट हिरवं करा, पांढरं नंतर. पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळले की उजेड खोल जाण्याआधीच परततो, म्हणून तो पट्टा फिकट दिसतो. तो रंग सुकल्यावर स्पंजचा तुकडा पांढऱ्यात बुडवा, कागदावर जवळजवळ सगळा रंग टिपून टाका आणि मग हलके ठोके द्या. फेस जाळीसारखा असतो, मधे भोकं असतात. बोटीजवळ दाट आणि पांढरा, दूर जाताना विरळ आणि राखाडी. पावसाळ्यातल्या किनारी फेसाला ऑकरची झाक द्या. वल्ह्यांची बोट असेल तर माग सोडाच, प्रत्येक वल्ह्यामागे छोटे गोल भोवरे काढा, समान अंतरावर, मागे मागे पुसट होत जाणारे.

खरंखुरं मिरकरवाडा करायचं असेल तर धक्क्यापाशी डिझेलचा इंद्रधनुषी तवंग आणि तरंगणारी एक प्लॅस्टिकची पिशवी विसरू नका. मी केली. बघायला येणारे आधी त्या पिशवीवरच बोट ठेवतात.

९. बोट बसवा

क्लिंग फिल्म काढा, खड्ड्यात गोंद, बोट, वर दोन पुस्तकांचं वजन. बोट आणि पाणी यांच्यात उरलेली फट जेलने भरा, एकही काळी रेघ दिसता कामा नये. पाणरेषेच्या वर एक-दोन मिलिमीटर ग्लॉस वार्निशचा हात फिरवा, म्हणजे बोटीचं अंग ओलं दिसतं. बाकी बोट मॅटच राहू द्या.

मग फोन टेबलाच्या कडेवर टेकवून अगदी खालून फोटो काढा. डोळ्याला न दिसलेली फट, राहिलेला केस, उलटा फडकणारा बावटा, सगळं त्यात दिसतं.

१०. झाकण आणि पावसाळा

झाकण ॲक्रिलिकचं करा. जेलवर धूळ बसली की पुसली जात नाही, चिकटते. थेट ऊन टाळा, रेझिन पिवळं पडतं. बंद कपाटात ठेवू नका, टिश्यूला बुरशी धरते. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनपासून दसऱ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी बदला.

माझ्या खोक्याला मागून पेन्सिलीएवढी दोन भोकं आहेत, आत वाफ धरू नये म्हणून. गेल्या वर्षी त्यातून मुंग्या शिरल्या आणि ट्रॉलरच्या डेकवर रांग लावून फिरत होत्या. आता भोकांवर मलमलची चिंधी चिकटवली आहे.